बैलाच्या साजाचे चामडे आणि वेणीकाम : फावल्या वेळात, घरच्या घरी

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. वक्ते : कृषी विस्तार अधिकारी, हातकणंगले)



आज खत, बियाणे किंवा फवारणीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्याबद्दल. विषय लहान वाटेल, पण ज्याच्या गोठ्यात बैलजोडी आहे त्याच्यासाठी तो लहान नाही.

हे पत्रक हातात घेऊन एकदा गोठ्यात जा आणि खुंटीवर काय काय अडकवले आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी नायलॉनची दोरी, गाठी मारून जोडलेली एखादी वादी, सुकून लाकडासारखा झालेला जुना चामडी पट्टा, असाच माल सापडेल. पूर्वी असे नव्हते. गावातला चर्मकार कारागीर जुंपण्या, चाबूक, कंडे, मोटेचे चामडे, सारे करून द्यायचा आणि त्याबद्दल त्याला सुगीत बलुते मिळायचे. मोटा गेल्या, पंप आले. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. गिऱ्हाईक कमी झाले तसे कारागिराने साज करणे सोडले, त्याची मुले दुसऱ्या कामाला लागली. यात कुणाचा दोष नाही. पण झाले असे की, ज्यांच्याकडे आजही बैल आहेत, जे कोळपणी बैलावर करतात, उसाची गाडी कारखान्याला ओढतात, त्यांना धड साज करून देणारे माणूस जवळपास मिळत नाही. मग दुकानातून नायलॉनची दोरी आणायची आणि गळ्याला बांधायची. त्याचा भोग बैल भोगतो.

म्हणून आजचे सांगणे एवढेच की, थोडे चामड्याचे काम आणि थोडे वेणीकाम आपण स्वतः शिकून घ्यावे. पावसाळ्यातली झडीची दुपार, बेंदराच्या आधीचे चार दिवस, एवढा वेळ पुरतो. हौस म्हणून सुरू करा, उपयोग आपोआप होईल.

पट्टा रुंद का हवा?

सपाट रस्त्यावर भरली गाडी चालते तेव्हा बैल जू ओढतो ते खांद्याने. पण गाडीत माल मागे जास्त भरला आणि गाडी उलार झाली की जू वर उचलते. तेव्हा सगळा ताण गळ्याखालच्या जुंपणीवर येतो. काही गावांत तिला सापती म्हणतात. चढाला गाडी मागे ओढली गेली तरी तेच होते.

आता हिशोब करा. समजा, गळ्यावर ताण तेवढाच आहे. एक सेंटिमीटर जाडीच्या दोरीवर तो आला तर सगळा एका सेंटिमीटरच्या रेघेत दाबतो. तोच ताण चार सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर आला तर चार ठिकाणी वाटला जातो, म्हणजे दाब पाव होतो. पाटीत ओझे असते तेव्हा डोक्यावर चुंबळ का घेतो? तोच नियम. त्यात नायलॉनचा आणखी एक दुर्गुण आहे. तो घाम पीत नाही, आणि घासला की तापतो. कातडे सोलवटते, त्यावर माशी बसते आणि जखम चिघळते. ऐन हंगामात जोडीतला एक बैल बसला की दुसराही बसल्यातच जमा. गाडी उभी राहिली म्हणजे खेपा गेल्या, आणि खेपा गेल्या म्हणजे पैसा गेला.

चामडे ओळखून घ्या

कच्चे ते कातडे आणि कमावलेले ते चामडे. कच्चे कातडे सडते, कमावलेले टिकते. कमावण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक झाडपाल्याची, दुसरी क्रोम नावाच्या रसायनाची.

आपल्या कोल्हापूर भागाची जुनी पद्धत पहिली. बाभळीची साल आणि सह्याद्रीतला हिरडा हा तिचा मुख्य माल. कातडे पिशवीसारखे शिवायचे, टांगायचे, आत साल आणि हिरड्याचे पाणी भरायचे, खाली झिरपलेले पाणी पुन्हा वर ओतायचे. हिरडा चघळला की जीभ आवळल्यासारखी होते ना? तोच तुरटपणा कातड्याला आवळतो आणि सडू देत नाही. कोल्हापुरी चप्पल अशाच चामड्याची असते. म्हणून ती नवी असताना करकरते आणि पुढे पायाचा घाट घेते.

बैलाच्या साजाला हेच झाडपाल्याचे चामडे घ्यावे. ते ओले केले की वाकते, वाळले की तो आकार धरून ठेवते. ओळखायचे कसे? कापलेली कड बघा. कड आतपर्यंत तपकिरी असेल तर झाडपाल्याचे. कडेत निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोमचे. दुसरी खूण, पाण्याचा थेंब टाका. झाडपाल्याचे चामडे पाणी चटकन पिते आणि तिथे गडद डाग पडतो. क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच उभा राहतो. मात्र वरून रंग किंवा मेण चढवले असेल तर थेंबाची खूण फसवते, म्हणून कड बघणे बरे.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. म्हणून बाजारात मिळणारे जाड चामडे बहुतेक म्हशीचे असते. साजाला ते उत्तमच, कारण जाड आणि चिवट असते. माल ओळखीच्या दुकानातून घ्या आणि पावती मागून घ्या.

चामडे घेताना जनावराचा कुठला भाग आहे ते विचारा. पाठीचे चामडे घट्ट असते, ते ताणत नाही. पोटाचे सैल असते, ते ओढले की लांबते. जुंपणीला पाठीचेच हवे, आणि पट्टा कण्याच्या दिशेने उभा कापावा, आडवा नाही. पट्ट्याला तीन ते चार मिलिमीटर जाडी, वेणीच्या वाद्यांना दीड ते दोन मिलिमीटर. शिकताना अख्खे चामडे घेऊ नका. कोल्हापुरात चप्पल लाईनला किंवा जवळच्या चप्पल कारागिराकडे विचारा, तुकडे मिळाले तर पहिले काम त्यावरच करा.

इथे एक धोक्याची सूचना. घरचे जनावर मेले म्हणून त्याचे कातडे स्वतः काढायला जाऊ नका. जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त आले तर तो फाशी रोग असू शकतो. त्याचे जंतू माणसालाही मारतात आणि मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अशा जनावराला चिरू नका, हात लावू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि ते सांगतील तसे खोल पुरा. आपण फक्त कमावलेले चामडे विकत घ्यायचे.

हत्यारे : थोडी, पण धारेची

पेटीभर हत्यारे लागत नाहीत. एवढी पुरेत.

१. रापी : चामडे कापायची आणि तासायची. तिची धार हीच निम्मी कारागिरी. बोथट रापीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती निसटून हातात घुसते. कापताना दुसरा हात कायम रापीच्या मागे ठेवा, पुढे नाही.

२. आरी : भोके पाडायला. आरीखाली लाकडाचा तुकडा किंवा जाड रबर घ्या, मांडी नको.

३. दोन बोथट सुया किंवा बारीक दाभणे.

४. पोकळ छिन्नी, म्हणजे गोल भोक पाडायचा पंच. नसली तरी अडत नाही, आरीवर भागते.

५. लाकडी हातोडी, लोखंडी पट्टी, पेन्सिल, आणि कापायला एक सपाट फळी.

६. दोरा आणि मधमाशीचे मेण. दोरा मेणावरून तीन-चार वेळा ओढायचा. मग तो भिजत नाही, कुजत नाही आणि भोकात घट्ट बसतो. मेणबत्तीचे मेण वापरू नका, ते ठिसूळ असते, तडकून गळते.

७. पाण्याचे भांडे. चर्मकाराच्या दुकानात कुंडी असते ती याचसाठी. चामडे थोडे ओलसर केले की कापायला, वाकवायला, ओढायला सोपे जाते. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. पाण्यात बुडवून काढा, फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग कामाला घ्या.

ओले चामडे लोखंडावर ठेवू नका. हिरड्या-बाभळीचा तुरट अंश आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, ती हीच गोष्ट. म्हणून साजाच्या कड्या शक्यतो पितळी घ्या.

पहिले काम : कोयत्याचे म्यान

नवख्या हाताला पट्टा करायला देऊ नये, कारण त्यावर बैलाचा जीव असतो. आधी कोयत्याचे म्यान करा. ऊसतोडीच्या दिवसांत उघडा कोयता सायकलला किंवा मोटारसायकलला अडकवून माणसे जातात. एका खड्ड्यात पोटरी कापली जाईल.

पुठ्ठ्यावर कोयत्याचे पाते ठेवून रेघ मारा. धारेच्या बाजूला आणि टोकाला अडीच सेंटिमीटर जास्त सोडा. त्या मापाचे दोन तुकडे कापा, एक उजवा, एक डावा. दोन्हींच्या मध्ये, धारेच्या बाजूने, बोटभर रुंद चामड्याची तिसरी पट्टी घाला. ही पट्टी विसरू नका, नाहीतर धार थेट दोऱ्यावर येते आणि आठवड्यात शिवण कापली जाते. तिन्ही थर धारेच्या बाजूने आणि टोकाला शिवा. पाठीची बाजू उघडी ठेवा. वाकडे पाते तिकडूनच आत जाईल. वर बांधायला दोन वाद्या लावा.

शिवण दोन सुयांची घाला. एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवा. कडेपासून चार मिलिमीटरवर रेघ मारा आणि पाच-सहा मिलिमीटरवर एक अशी भोके पाडा. प्रत्येक भोकातून एक सुई इकडून तिकडे आणि दुसरी तिकडून इकडे घाला, दोन्ही टोके सारखी ओढा. दोरा शिवणीच्या लांबीच्या किमान चौपट घ्या. तीन थरांना थोडा जास्तच. या शिवणीचा गुण असा की, एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. शेवटी दोन-तीन टाके उलटे घेऊन दोरा कापा.

म्यान हे नेण्या-आणण्यासाठी. कोयता त्यात महिनाभर घालून ठेवू नका. चामडे ओल धरते आणि पाते गंजते. घरी आल्यावर बाहेर काढा, पुसा आणि तेलाचा हात फिरवा.

दुसरे काम : वेणीचा कंडा

तीनपेडी वेणी कशी घालायची हे आपल्या माय-बहिणींना शिकवावे लागत नाही. चामड्याची वेणी तीच. फरक एवढाच की, वादीची उजळ बाजू कायम वर राहिली पाहिजे, पीळ पडू द्यायचा नाही, आणि प्रत्येक वळण सारख्या जोराने ओढायचे. हात बसेपर्यंत सुतळीवर सराव करा. सुतळी वाया गेली तर हळहळ वाटत नाही.

कंड्यासाठी बैलाच्या मानेचा घेर दोरीने मोजा. वेणी घालताना लांबी आखडते, म्हणून वाद्या घेराच्या दीडपट लांब घ्या आणि वर वीतभर जास्त. समजा, घेर ११० सेंटिमीटर आला, तर वादी साधारण १८५ सेंटिमीटर. अशा तीन वाद्या. प्रत्येक वादी १२ मिलिमीटर रुंद ठेवली तर वेणी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद होते. एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला बक्कल किंवा गाठ. घंटा बांधायची तर हलकी बांधा. नाकापेक्षा मोती जड होऊ नये.

इतक्या लांब वाद्या लहान तुकड्यातून कशा काढायच्या? तुकडा गोल कापून घ्या आणि बाहेरून आत, फिरकीसारखी एकच वादी कापत जा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या गोलातून पाच मिलिमीटर रुंदीची सुमारे सहा मीटर वादी निघते. ती ओली करून खुंटीला ताणून बांधली की वाळताना सरळ होते.

गोल दोरीसारखी वेणी हवी असेल, म्हणजे म्होरकीला किंवा चाबकाच्या मुठीला, तर चौपेडी घाला. चार वाद्या शेजारी शेजारी ठेवा आणि डावीकडून १, २, ३, ४ असे आकडे मनात धरा. उजवीकडची टोकाची वादी, म्हणजे ४, ही ३ आणि २ यांच्या मागून न्या, १ आणि २ च्या मधून वर काढा, आणि २ वरून परत आणून २ आणि ३ च्या मध्ये ठेवा. आता डावीकडची टोकाची वादी घ्या. ती तशीच शेजारच्या दोघींच्या मागून न्या आणि एकीवरून परत आणा. एकदा उजवी, एकदा डावी. मंत्र एवढाच : दोघींच्या मागून, एकीच्या वरून. वेणी झाली की ओलसर असतानाच दोन फळ्यांच्या मध्ये घालून लाटा. ती गुळगुळीत आणि गोल होते.

चाबूक केला तर तो आवाजापुरता ठेवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे, आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. खिळ्याची काठी, टोचणारा साज यांना त्यात मनाई आहे. पराणीला आर असेल तर ती आजच काढून टाका. बैल आर टोचल्याने ओढत नाही, पोटात दाणा-वैरण असली की ओढतो.

तिसरे काम : जुंपणी

पहिली दोन कामे नीट जमली की मगच जुंपणी घ्या. पट्टा चार सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. दोन थर एकमेकांवर ठेवून शिवा, म्हणजे एक थर फाटला तरी दुसरा धरतो. बैलाच्या अंगाकडे गुळगुळीत बाजू येऊ द्या. कडा रापीने किंचित तासून गोल करा. कोरी, धारदार कड गळ्याला करवतीसारखी लागते. भोके असतील तिथे आणखी एक तुकडा लावून जाडी वाढवा, कारण पट्टा तुटतो तो नेहमी भोकात.

माप बघताना जू खांद्यावर ठेवा, जुंपणी बांधा आणि गळा व पट्टा यांच्या मध्ये आपला हात सपाट घाला. हात सहज आत गेला पाहिजे. गेला नाही तर बैलाला श्वास घ्यायला आणि गिळायला त्रास होतो. फार सैल असेल तर मान सटकते.

आणखी एक गोष्ट जिवाची. जुंपणी एका झटक्यात सुटली पाहिजे. गाडी उलटली, बैल पडला, आणि गाठ ताणाने आवळून बसली तर बैल गुदमरतो. म्हणून घट्ट गाठ नको, सुटणारी कडी किंवा सरकगाठ ठेवा, आणि गाडीला एक धारेची सुरी कायम अडकवलेली असू द्या.

वेसण मात्र चामड्याची करू नका. नाकात ती सारखी ओली-कोरडी होते, कडक होते आणि नाक कापते. नायलॉनही नको. मऊ सुती दोऱ्याची वेसण करा आणि ती झिजायच्या आधी बदला.

निगा : आठवड्याला पाव तास

चांगला साज लवकर मरतो तो घामाने आणि उन्हाने. घामातले मीठ चामड्यात बसते आणि ते कडक करते. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने साज पुसा आणि सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. चामडे तडकले की ते पुन्हा जुळत नाही.

वाळल्यावर एरंडेलाचा हात फिरवा. तेल थोडेच लावा, बोटाने चोळा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसून घ्या. फार तेल पाजले तर चामडे सैल पडते आणि ताणते. जवसाचे तेल नको. ते हवेत वाळून साल धरते आणि चामडे ताठ होते. गाडीचे काळे ऑईल तर मुळीच नको, त्याने चामडेही जाते आणि बैलाचे कातडेही पोळते.

पावसाळ्यात बुरशी येते. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने गोठ्याबाहेर पुसा, वाऱ्यावर ठेवा, मग तेल द्या. साज प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत घाम सुटतो. खताच्या पोत्यांजवळही ठेवू नका, खत ओल ओढून घेते. उंच खुंटीला टांगा, म्हणजे उंदीर आणि कुत्री यांच्यापासून वाचेल.

आजारी जनावराचा साज दुसऱ्याला घालू नका. २०२२ साली लंपी आजाराने आपल्या राज्यात किती जनावरे गेली ते आपण विसरलेलो नाही. आणि खांदा सुजला, कातडे सोलवटले, तर बेंदरापुरते तूप-हळद चोळून भागत नाही. काम बंद ठेवा, पशुवैद्यकांना दाखवा. जखमेवर जू ठेवले की साध्या सोलवटण्याची गाठ होते, आणि गाठ झालेला बैल पेठ वडगावच्या बाजारात नेला तर गिऱ्हाईक आधी खांद्यावर हात फिरवून बघते.

"साहेब, हे काम आम्ही करायचं?"

चामड्याच्या कामाचा विषय निघाला की काही जण हळूच विचारतात, "साहेब, आमच्यात हे काम कुणी करत नाही. लोक काय म्हणतील?" प्रश्न मनात ठेवण्यापेक्षा विचारलेला बरा, म्हणून उत्तरही सरळ देतो.

मोटेचे पाणी आपण प्यालो. चामड्याच्या जुंपणीने आपली शेते नांगरली. कोल्हापुरी पायात घालून आपण लग्नाला गेलो. मग ते करणारा हात हलका कसा? चूक कामात नव्हती, ते काम करणाऱ्याला लांब बसवण्यात होती. आपल्याच तालुक्यातल्या माणगावला मार्च १९२० मध्ये परिषद भरली. अध्यक्ष होते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर, आणि राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे आले होते. शंभर वर्षे उलटून गेली. आता तरी रापी हातात धरायला लाजू नये.

उलट, ज्या कामाला आपण हलके म्हणालो त्याची किंमत जगाला कळली आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या ठरावीक जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाच्या चपला मांडल्या. इकडून आवाज उठल्यावर त्यामागे भारतीय कारागिरी असल्याचे त्यांना मान्य करावे लागले. ती वेणी, तो गोंडा, ती बारीक शिवण ही आपल्याच गावांतल्या घरांमध्ये बसून केलेली असते.

म्हणून शिकायचे तर जाणत्या कारागिराकडे जाऊन शिका. गावात किंवा शेजारच्या गावात एखादे म्हातारे काका असतील, ज्यांनी एके काळी साज केलेला आहे. त्यांच्यासमोर जमिनीवर बसा, दोन दिवस हात बघा, आणि शिकवल्याचे पैसे रोख द्या. बलुत्याचा काळ गेला. आता विद्येचा मोबदला मानाने द्यायचा. पत्रक वाचून रापीचा कोन कळत नाही, तो हात धरूनच शिकवावा लागतो.

आणि त्यांच्या घरचे कुणी अजून हा धंदा करत असेल तर त्यांना एक माहिती जरूर सांगा. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत चर्मकाराचा व्यवसाय आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. नाव नोंदवायला आधार कार्ड घेऊन सुविधा केंद्रात जावे लागते. राज्याचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळही आहे, तिथेही चौकशी करावी. गावात एक कारागीर टिकला तर पाच गावांच्या बैलांची सोय होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• गळ्याचा पट्टा चार सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको, नायलॉन नको.
• साजाला झाडपाल्याने कमावलेले, पाठीचे चामडे घ्या. कड तपकिरी हवी.
• रापीला धार, दुसरा हात रापीच्या मागे.
• आधी म्यान, मग कंडा, शेवटी जुंपणी.
• वाद्या घेराच्या दीडपट, वर वीतभर.
• जुंपणी एका झटक्यात सुटली पाहिजे.
• आठवड्याला पुसा, सावलीत वाळवा, एरंडेल थोडे.
• अचानक मेलेल्या जनावराचे कातडे काढू नका.

बंधू-भगिनींनो, बैल बोलत नाही. पट्टा कुठे रुततो हे त्याला सांगता येत नाही, ते आपल्यालाच हात फिरवून बघावे लागते. आज संध्याकाळी बैल सोडल्यावर त्याच्या गळ्याखालून एकदा हात फिरवा. केस गेलेली जागा लागली, चट्टा लागला, तर समजा की नवीन पट्ट्याची वेळ झाली. मग पाऊस असो वा नसो, एक दुपार काढा आणि कामाला बसा.

नमस्कार.